सकाळी पुढे, दुपारी मागे : एका हायड्रॉलिक लिफ्टचं निदान

या इमारतीतून एकाच लिफ्टबद्दल दोन तक्रारी आल्या होत्या आणि दोन्ही एकमेकींच्या उलट होत्या. सकाळी गाडी, म्हणजे माणसं उभी राहतात ती केबिन, वर जाताना मजला ओलांडते, तीन-चार सेंटिमीटर पुढे जाऊन थांबते आणि मग हळूच खाली सरकून जागेवर येते. दुपारी तीच गाडी मजल्याच्या अलीकडेच रेंगाळते आणि शेवटचा फूटभर गोगलगायीच्या चालीने कापते. माणसं भरलेली असली तर कधी कधी मजल्याच्या खाली बोटभर अंतरावर अडकूनच बसते. मग मोटरचा वेळ मोजणारा टायमर संपतो आणि पॅनल लिफ्ट बंद करतं.

तिसरी तक्रार कागदावर नव्हती. वॉचमन काकांनी मला जिन्यात गाठलं. "साहेब, रात्री कोणी नसतं तरी मोटर आपोआप सुरू होते. दोन-तीन सेकंद घूंऽ करते आणि गप्प. परत थोड्या वेळाने तेच. हे मी सांगितलं तर हसतात सगळे."

मी हसलो नाही. कागदावरच्या दोन तक्रारींपेक्षा ही तिसरी मला जास्त कामाची वाटली.

यंत्र

लिफ्ट चार थांब्यांची : तळमजला आणि वर तीन मजले, एकूण चढ ९ मीटर. भार ६३० किलो म्हणजे आठ माणसं, वेग सेकंदाला ०.६३ मीटर. रॅम म्हणजे तेलाच्या दाबाने सिलिंडरमधून वर येणारा दांडा. त्याच्या डोक्यावर पुली आणि तिच्यावरून दोर, त्यामुळे रॅम साडेचार मीटर वर आला की गाडी नऊ मीटर चढते. रॅमचा व्यास १०० मिलिमीटर. तेलाच्या टाकीत बुडालेली मोटर आणि स्क्रू पंप, पंप मिनिटाला १५० लिटरचा. टाकीत साधारण २५० लिटर खनिज तेल, व्हीजी ४६ जातीचं.

टाकीच्या झाकणावर व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे तेलाच्या वाटा उघडणारे-बंद करणारे व्हॉल्व्ह बसवलेला ठोकळा, आणि त्यावर चार कॉइल. वर जाताना ए आणि बी या दोन कॉइलना वीज मिळते. ए सुटली की गाडी पूर्ण वेगातून लेव्हलिंगच्या, म्हणजे मजल्याशी जुळवून घेण्याच्या, मंद वेगात येते, बी सुटली की थांबते. खाली येताना हेच काम सी आणि डी करतात. वर जाताना जोर पंपाचा, खाली येताना गाडीच्या वजनाचा. त्यामुळे उतरताना मोटर बंदच असते आणि ब्लॉक फक्त तेल किती वेगाने टाकीत परत सोडायचं ते ठरवतो.

कॉइल स्वतः गाडी थांबवत नाही. ती सुईएवढं भोक उघडते किंवा बंद करते. त्या भोकातून जाणारं थोडंसं पायलट तेल मुख्य व्हॉल्व्हच्या पिस्टनला ढकलतं आणि तो पिस्टन किती झपाट्याने सरकेल यावर गाडी किती झपाट्याने मंदावेल ते ठरतं. ब्लॉकवरचे स्क्रू म्हणजे या पायलट तेलाच्या वाटेतले नळ. तेल घट्ट असेल तर त्याच नळातून ते सावकाश जातं, पातळ असेल तर भरकन जातं. हे प्रकरण तिथूनच सुरू होतं.

नोंदवही

हत्यारांची पेटी उघडण्याआधी मी सेवेची नोंदवही मागितली आणि मागच्या काही महिन्यांच्या नोंदी वाचल्या. अक्षरं दोघांची होती. एक जण नेहमी सकाळी यायचा, दुसरा दुपारी. सकाळच्या माणसाच्या नोंदी अशा : "गाडी पुढे जाते, मंदावण्याचा स्क्रू फिरवला, ठीक." दुपारच्याच्या अशा : "लेव्हलिंग लांबतं, स्क्रू फिरवला, मॅग्नेट सरकवला, ठीक." मग पुन्हा सकाळ आणि पुन्हा स्क्रू.

दोघंही प्रामाणिक होते. काम करून झाल्यावर दोघांनीही गाडी चालवून पाहिली होती आणि त्या वेळी ती खरोखर ठीक चालत होती. फक्त एकाने ती गार तेलावर लावली आणि दुसऱ्याने गरम तेलावर. त्या वेळी तेल किती अंशांवर होतं याची नोंद एकाही ओळीत नव्हती.

मी दिवसभर टाकीत तापमापक ठेवला. सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी १८ अंश, दुपारी तीनच्या सुमारास ६२ अंश. व्हीजी ४६ म्हणजे ४० अंशांवर ज्याची चिकटी ४६ सेंटिस्टोक असते ते तेल. तेच तेल १८ अंशांवर दीडशेच्या आसपास असतं आणि ६० अंशांवर विसाच्या आसपास. म्हणजे सकाळचं तेल दुपारच्या तेलाच्या सातपट घट्ट. दोघं कारागीर दोन वेगळ्या तेलांवर एकच ब्लॉक लावत होते.

व्यवस्थापकांकडे एक प्रस्तावही आला होता : तेल फार तापतं, कूलर बसवा. सही व्हायची बाकी होती. मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. कूलर वाईट नसतो, पण तेल का तापतं हे कळायच्या आत तो बसवला तर कारण तसंच आत राहतं.

आधी विजेची बाजू

हायड्रॉलिक लिफ्ट चुकीची थांबली की सगळ्यांची नजर आधी ब्लॉकवर जाते. मी आधी पॅनल पाहतो, कारण कॉइलची वीज योग्य वेळी सुटत नसेल तर ब्लॉकने काहीही केलं तरी गाडी चुकणारच. चारही कॉइलचा व्होल्टेज मोजला, तो बरोबर होता. कॉइलच्या डोक्याशी स्क्रूड्रायव्हरचं टोक नेलं की वीज असताना ओढ जाणवते आणि वीज सुटताच ओढ जाते. चारही कॉइल आपापल्या क्षणी सोडत होत्या.

मग गाडीच्या छतावरून मंदावण्याच्या मॅग्नेटची अंतरं टेपने मोजली. मजल्यापासून किती आधी ए सुटते ते हे अंतर सांगतं. मूळ आराखड्यात तिन्ही मजल्यांना ७० सेंटिमीटर होतं. प्रत्यक्षात पहिल्या मजल्याला ७१, दुसऱ्याला ४८ आणि तिसऱ्याला ७८.

इथे नोंदवहीचा अर्थ डोळ्यांनी दिसला. पहिल्या मजल्याला कुणी हात लावला नव्हता. दुसरा मजला दुपारच्या माणसाचा होता. गरम तेलावर गाडी लवकर मंदावते, उरलेलं अंतर सरपटत कापते, म्हणून त्याने मॅग्नेट मजल्याजवळ आणला. तिसरा सकाळच्या माणसाचा. गार तेलावर गाडी उशिरा मंदावते, मजला ओलांडते, म्हणून त्याने मॅग्नेट लांब नेला. मी पडताळून पाहिलं. सकाळी गाडी मजला ओलांडायची ती मुख्यतः दुसऱ्या मजल्यावर, आणि दुपारी सगळ्यात जास्त रेंगाळायची ती तिसऱ्यावर. तक्रार करणाऱ्यांनी मजला सांगितला नव्हता आणि कुणी त्यांना विचारलाही नव्हता.

०.६३ मीटरच्या वेगातून ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावायला साधारण ५० सेंटिमीटर लागतात. मॅग्नेट ४८ वर असेल तर लेव्हलिंगला जागाच उरत नाही. त्यात गार तेलामुळे मुख्य पिस्टन पाव सेकंद जरी उशिरा हलला तरी तेवढ्यात गाडी पूर्ण वेगात आणखी १५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. मजला चुकणं मग ठरलेलंच.

मॅग्नेट लगेच जागेवर आणायचा मोह झाला होता. पण तोपर्यंत तेल का तापतं हे कळलं नव्हतं, म्हणून मोजून, लिहून, तसेच ठेवले.

गळती

वॉचमन काकांची मोटर म्हणजे री-लेव्हलिंग. उभी गाडी हळूहळू खाली बसते, ठरावीक अंतराखाली गेली की सेन्सर सांगतो, मोटर क्षणभर चालते आणि गाडी पुन्हा मजल्याशी येते. पॅनलमध्ये या फेऱ्यांचा मोजक होता. रात्री दहाला आकडा लिहिला, सकाळी सहाला पुन्हा पाहिला. ११० फेऱ्या, म्हणजे दर चार-साडेचार मिनिटांना एक.

री-लेव्हलिंगचा सेन्सर १५ मिलिमीटरवर होता. चार मिनिटांत गाडी १५ मिलिमीटर बसते, तर रॅम त्याच्या निम्मा, साडेसात मिलिमीटर. रॅमचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर चार मिनिटांत सुमारे ५९ मिलिलिटर, मिनिटाला १५. म्हणजे चहाचे तीन चमचे तेल. एवढ्याशा गळतीने २५० लिटरच्या टाकीत काही दिसत नाही, जमिनीवर थेंब पडत नाही, कारण तेल ब्लॉकमधून परत टाकीतच जातं. पण युरोपातल्या लिफ्टच्या मानकात पूर्ण भाराची गाडी सगळ्यात वरच्या मजल्यावर उभी करून दहा मिनिटांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली बसू नये अशी चाचणी आहे. ही तर रिकामी असतानाच दहा मिनिटांत ३५ च्या आसपास बसत होती.

गळती सिलिंडरकडे की ब्लॉककडे, हे शोधायला फार डोकं लागत नाही. ब्लॉक आणि सिलिंडर यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह असतो, तो बंद करायचा. तरीही गाडी बसत राहिली तर दोष सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा पाइपात. गाडी थांबली तर दोष ब्लॉकमध्ये. गाडी थांबली. शिवाय ब्लॉकवरचं प्रेशर गेज २५ बारवरून पाऊण मिनिटात दहाच्या खाली आलं, कारण बंद बॉल व्हॉल्व्हच्या अलीकडे कोंडलेलं तेल अगदी थोडं असतं आणि तीन चमच्यांची गळतीही तिथे लगेच कळते.

गेजचे आकडे आणखी एका गोष्टीसाठी कामाला आले. रिकाम्या गाडीला २५ बार आणि पूर्ण भाराला ४१ बार, हे वजन आणि रॅमचं क्षेत्रफळ यांच्या हिशेबाशी जुळत होते. गाइड रेलमध्ये गाडी कुठे घासत असती तर वर जाताना आकडा हिशेबापेक्षा बराच चढला असता. तो रस्ता तिथेच बंद केला.

ब्लॉकच्या आत सिलिंडरचं तेल टाकीकडे निसटायच्या वाटा मोजक्याच असतात : हाताने गाडी उतरवण्याचा व्हॉल्व्ह, हातपंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मुख्य चेक व्हॉल्व्ह, उतरण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि त्याचे पायलट. एका वेळी एकच वाट तपासायची आणि प्रत्येक वेळी गेज पाहायचं. सगळे सील एकदम बदलले तर गळती थांबेलही, पण ती कशाची होती हे कधीच कळणार नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच करावं लागेल. हाताने उतरवण्याचा व्हॉल्व्ह नीट बसला होता. हातपंपाची वाट बंद केली तरी फरक पडला नाही.

मग डी कॉइलखालचा पायलट. तो उघडायच्या आधी गाडी तळाशी बफरवर टेकवली, मेन स्विच बंद करून कुलूप लावलं, हाताने उतरवण्याच्या व्हॉल्व्हने दाब सोडला आणि गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी पाहिलं. चाळीस बारचा दाब अंगठ्याएवढ्या भोकातून काय करतो हे पाहिलेला माणूस ही पायरी कधी गाळत नाही. शिवाय हे काम लिफ्टचं प्रशिक्षण घेतलेल्याचंच आहे. हौशी माणसाने वाचून करायचं नाही.

पायलटचं भोक बंद करणाऱ्या सुईच्या टोकावर आणि तिच्या बैठकीवर भिंगाने पाहिलं तर केसासारखा एक धागा आडवा बसला होता. सुती चिंधीचा. आधीच्या कुणीतरी ब्लॉक उघडून कापडाने पुसला असणार आणि कापडाने आपली खूण मागे ठेवली. सुई बंद व्हायची, पण त्या धाग्याच्या जाडीएवढी उघडी राहायची. बैठकीवर त्याचा हलका व्रणही पडला होता. नवीन सुई, नवीन बैठक, नवीन ओ-रिंग घातली. पायलटची जाळी काढून स्वच्छ तेलाने धुतली. पुसायला कापड घेतलं नाही, हवेने वाळवली.

पुन्हा बॉल व्हॉल्व्ह बंद, दाब २५. दहा मिनिटांनी २४.

उष्णतेचा हिशेब

आता खरं सांगायचं तर इथे मी एक चूक करायच्या बेतात होतो. मनात गोष्ट पूर्ण जुळली होती : गळती, म्हणून री-लेव्हलिंग, म्हणून सारखी मोटर, म्हणून तेल गरम. व्यवस्थापकांना तसं सांगूनही टाकणार होतो. मग म्हटलं, आधी आकडे मांडू.

वर चढताना मोटर सरासरी १० किलोवॅट घेते असं धरलं. खाली उतरताना मिळालेली उंची ब्लॉकमध्येच उष्णता होऊन जाते, म्हणून चढायला घेतलेली जवळपास सगळी ऊर्जा शेवटी तेलात उतरते. गर्दीच्या वेळी तासाला साधारण २५ फेऱ्या वर, प्रत्येक फेरी दहा सेकंदांची. तासाला २,५०० किलोजूल. हे नेहमीचं ओझं, ते असणारच.

री-लेव्हलिंग : तेल गरम असताना तासाला २० वेळा, प्रत्येक वेळी तीन सेकंद. तासाला ६०० किलोजूल. कमी नाही, पण ६२ अंशांचा दोष एकट्या तिच्यावर टाकता येत नव्हता.

मग दुपारचं रेंगाळणं मोजलं. वर जाताना लेव्हलिंगमध्ये गाडी गोगलगाय असली तरी पंप पूर्ण १५० लिटरच फेकत असतो. त्यातलं थोडं सिलिंडरला जातं, बाकीचं सगळं दाबासकट बायपासमधून टाकीत परत येतं. म्हणजे गाडी चालो वा सरपटो, मोटर १० किलोवॅट घेतच असते. स्टॉपवॉचने पाहिलं तर प्रत्येक फेरीत सरासरी पाच सेकंद जास्तीचे जात होते. २५ फेऱ्यांचे तासाला १,२५० किलोजूल. री-लेव्हलिंगच्या दुप्पट.

दोन्ही मिळून नेहमीच्या ओझ्यावर जवळपास पाऊणपट जादा उष्णता. आणि ज्या रेंगाळण्याची तक्रार होती तेच रेंगाळणं तेल तापवत होतं, तेल तापलं की रेंगाळणं वाढत होतं. सकाळच्या माणसाने तिसऱ्या मजल्याचा मॅग्नेट लांब नेला तेव्हा त्याने नकळत दुपारचं तेल आणखी गरम केलं.

पूर्ण भाराला गाडी का अडकते, याचं उत्तरही इथेच होतं. लेव्हलिंगचा वेग मी मोजला तेव्हा सेकंदाला ४ सेंटिमीटर होता, कुणीतरी स्क्रू आत घेऊन तो कमी केला होता. गाडी ४ सेंटिमीटर म्हणजे रॅम २, आणि त्यासाठी लागतं मिनिटाला साडेनऊ लिटर तेल. पंपाचे १५०, त्यातले १४० वर बायपासला, उरलेले साडेनऊ गाडीला. तेल पातळ झालं आणि दाब वाढला की पंपाच्या आतल्या फटींतून निसटणं वाढतं. समजा आठ लिटर वाढलं. पूर्ण वेगात १५० मधले आठ गेले तर कुणाला कळतही नाही. लेव्हलिंगमध्ये मात्र ते आठ त्या साडेनऊमधूनच जातात. उरतो दीड लिटर, आणि गाडी जवळजवळ उभी राहते. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून उरलेल्या छोट्या आकड्यावर गाडी चालवायची, असा हा लेव्हलिंगचा व्यवहार आहे. तिथे स्क्रू फार आत घेणं म्हणजे काठावर उभं राहणं.

जाता जाता यंत्रखोलीची हवा येण्याची जाळी पाहिली. तिच्यासमोर जुन्या फायलींची खोकी छतापर्यंत रचलेली होती. ती हलवायला दहा मिनिटं लागली. कूलरच्या प्रस्तावात या खोक्यांचा उल्लेख नव्हता.

सेटिंग

आता स्क्रूंची पाळी. इतक्या हातांनी फिरवलेल्या ब्लॉकवर आहे तिथून सुधारत जाणं मला पटत नाही. प्रत्येक स्क्रू किती आत आहे ते आधी लिहून घेतलं, मग निर्मात्याच्या पुस्तिकेतल्या मूळ स्थितीवर सगळे आणले. एक सोडून. दाब फार वाढला की उघडून तेल टाकीत सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवर शिक्क्याचं सील होतं, ते अखंड होतं आणि तो ५५ बारला उघडत होता. पूर्ण भाराच्या दाबाच्या १४० टक्के ही मानकाची वरची मर्यादा, ४१ बारला ती ५७ येते. त्याला हात लावायचं कारण नव्हतं.

तेल किती अंशांवर असताना सेटिंग करायचं हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मी रिकामी गाडी वर-खाली फिरवून तेल ३७ वर आणलं आणि ते ३५ ते ४० च्या आत राहील एवढ्याच वेळात काम केलं. दोन्ही टोकांच्या मधली ही जागा. इथे नेमकं लावलं तर गार आणि गरम दोन्हीकडे चूक सारखी वाटली जाते.

मॅग्नेट तिन्ही मजल्यांना ७० वर. नंतर वरची दिशा, तीही ठरलेल्या क्रमाने, कारण आधीचा स्क्रू हलला की पुढच्याचा अर्थ बदलतो. पहिला बायपास : मोटर सुरू झाल्यावर रिकामी गाडी एक-दोन सेकंद जागेवर राहून मग उचलली पाहिजे. लगेच उचलली तर धक्का बसतो, फार थांबली तर फुकट तेल तापतं. मग वेग घेणं, मग मंदावणं, मग लेव्हलिंगचा वेग, शेवटी थांबणं. लेव्हलिंग मी सेकंदाला ६ सेंटिमीटरवर आणलं. गाडीला १४ लिटर मिळतात, गरम तेलात काही निसटले तरी पुरेसे उरतात. आधीच्या ४ पेक्षा थांबताना किंचित जाणवतं, पण ते मला चालतं. काचेसारखी गुळगुळीत थांबणारी पण दुपारी अडकणारी गाडी काय कामाची?

प्रत्येक वेळी आठवा भाग फेरा, त्याहून जास्त नाही. एक स्क्रू, एक फेरी, एक नोंद. हे कंटाळवाणं असतं आणि दोन स्क्रू एकदम फिरवायचा मोह तिसऱ्या फेरीलाच होतो.

खालच्या दिशेला फार वेळ लागला नाही. उतरण्याचा पूर्ण वेग रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळा पडतो, कारण ढकलणारं वजनच वेगळं. ६३० किलोची वजनं ठेवून आणि काढून दोन्ही पाहिलं. फरक होता, पण मर्यादेत. सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या रप्चर व्हॉल्व्हच्या सेटिंगला मी हात लावला नाही. पाइप फुटला तर गाडी धरून ठेवायचं त्याचं काम आहे, उतरण्याचा वेग नीट करायला त्याचा वापर करायचा नसतो.

सगळ्या स्क्रूंवर आणि ब्लॉकवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढली. आता कुणी स्क्रू हलवला तर रेघ तुटेल आणि ते दिसेल.

दोन टोकं

दुसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसहाला गेलो. तेल १९ अंश. दुसऱ्या मजल्यावर गाडी मंदावली, साधारण दहा सेंटिमीटर लेव्हलिंगमध्ये चालली, पावणेदोन सेकंदांत थांबली. उंबरठ्याशी पट्टी लावली : ५ मिलिमीटर वर. मानकात थांबण्याची अचूकता दोन्हीकडे १० मिलिमीटर. तिसऱ्या मजल्यावर ३.

दुपारी तीनला पुन्हा. बाहेर आदल्या दिवसाइतकंच ऊन, गर्दीही तेवढीच. तेल ४९ अंश. लेव्हलिंग चार सेकंदांच्या आत. पूर्ण भाराने तिन्ही मजल्यांवर पाच-पाच वेळा चढवली, एकदाही अडकली नाही. ४९ हा आकडा मला अजून थोडा जास्त वाटत होता, पण पुढच्या दोन आठवड्यांत दुपारचा आकडा ४४ ते ४७ मध्ये राहिला. कूलरचा प्रस्ताव व्यवस्थापकांनी बाजूला ठेवला. त्याऐवजी टाकीला छोटा हीटर बसवा, असं मी लिहून दिलं. थर्मोस्टॅट २२ अंशांवर ठेवला तर सकाळचं तेल आणखी घट्ट होणार नाही आणि दोन टोकांमधलं अंतर कमी होईल. तापण्याची तक्रार असलेल्या लिफ्टला हीटर सुचवला म्हणून मला दोनदा समजावून सांगावं लागलं.

नोंदवहीत तेलाच्या तापमानाचा रकाना हाताने आखला. दोघांही कारागिरांना एकत्र बसवून मॅग्नेटचे तीन आकडे दाखवले. सकाळचा माणूस बराच वेळ ७८ कडे पाहत राहिला.

वॉचमन काकांचा विषय अजून संपला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "साहेब, पुष्कळ कमी झालं, पण रात्री अजून चार-पाच वेळा मोटर वाजते." गळती पुन्हा सुरू झाली की काय म्हणून दहा मिनिटांची चाचणी परत घेतली. गाडी हलली नाही. मग रात्रभराच्या फेऱ्यांच्या वेळा पॅनलमधून काढल्या. सगळ्या रात्री दहा ते दोनच्या आत, नंतर एकही नाही. आणि त्या दिवसांत गाडी रात्री तिसऱ्या मजल्यावर उभी असायची, कारण शेवटचं कार्यालय तिथलं.

दिवसभराचं कोमट तेल रात्री गार होतं आणि आकसतं, दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के. तिसऱ्या मजल्यावर रॅमखाली साडेचार मीटर तेलाचा खांब उभा असतो. तो १० अंशांनी गार झाला तर रॅम तीन सेंटिमीटर खाली येतो आणि गाडी सहा. १५ मिलिमीटरच्या सेन्सरला त्यात चार वेळा मोटर चालवावी लागते. यात दोष कुठेच नव्हता. पण वापर संपल्यावर पंधरा मिनिटांत गाडीने आपोआप सगळ्यात खालच्या मजल्यावर जायला हवं होतं, ती सोय पॅनलमध्ये कुणीतरी बंद करून ठेवली होती. बहुधा रिकामी गाडी आपोआप खाली जाते म्हणून कुणाची तरी तक्रार आली असेल. मी ती सुरू केली. आता रात्री गाडी तळमजल्यावर असते, रॅम आत असतो, त्याच्याखाली आकसायला तेलच फारसं नसतं.

चार दिवसांनी काकांना विचारलं. "एकदा वाजली," ते म्हणाले, "पण ती मीच बोलावली होती."